कोमट पाणी

"डोळे मिटा," लोंढेसाहेब म्हणाले, "आणि मी जिथं टोचीन तिथं बोट ठेवा."

मालकांनी डोळे मिटले. ओसरीवर पाय लांब करून बसले होते आणि ओठांवर हसू होतं. साहेबांनी खिशातलं पेन काढून त्याचं टोक गुडघ्याला लावलं. मालकांनी बरोबर तिथं बोट ठेवलं. नडगीला लावलं, तिथंही ठेवलं. मग साहेब घोट्याच्या खाली उतरले. टाच झाली, चवडा झाला, करंगळी झाली. मालक आपले हात मांडीवर ठेवून स्वस्थ.

"टोचा की साहेब," मालक म्हणाले. "का डुलकी लागली तुमास्नी?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. पेनाचं टोक तळपायात चांगलं रुतलं होतं, कातडीला खळगा पडलेला मला तिथून दिसत होता.

"उघडा डोळे," साहेब म्हणाले. "सर्जेराव, तळपायाला मी जागोजागी टोचलं. तुम्हाला एकदाही कळलं नाही."

"आमच्या पायाला कळतच न्हाई," मालक म्हणाले, आणि छाती पुढं काढून म्हणाले बरं का. "जानाईचा हात फिरलाय त्याच्यावरनं. इचारा कुनालाबी वाडीत."

आता हे तुम्हाला सांगायला हवं. सर्जेराव म्हणजे आमचे मालक. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे रीत नव्हती, पण ते गेले, माझे केस पिकले, आता मला कोण अडवतंय? धिप्पाड गडी, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पल्याडच्या वस्तीतली माणसं वळून बघायची. स्वभावानं मात्र लोणी. आणि वाडीत त्यांचा मान पाटलापेक्षा मोठा, तो या पायांमुळं.

चैत्रात जानाईची जत्रा भरायची. देवळापुढं लांबलचक चर खणायचे, त्यात सकाळपासून बाभळीची लाकडं जाळायची, आणि दिवस कलताना सगळा चर इंगळांनी लालबुंद व्हायचा. नवस फेडणारे त्यावरून चालायचे. चालायचे कसले, 'आई जानाई' ओरडत टणाटण उड्या मारत पलीकडं पोचायचे आणि चिखलात पाय घालून बसायचे. पण पहिलं पाऊल आमच्या घराचं. आमच्या घरच्या गड्यानं चर ओलांडल्याशिवाय दुसऱ्या कुणी पाय टाकायचा नाही. आणि मालक पळायचे नाहीत. पिकात फेरी मारावी तसे सावकाश चालायचे, मधोमध थांबायचे, देवीकडं तोंड करून हात जोडायचे. बघणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं. माझ्याही यायचं, खोटं कशाला बोलू. माझे सासरेही तसेच चालायचे म्हणे. त्यांच्या पायाची बोटं एकेक करून गळाली, तेव्हा लोक म्हणाले, देवीनं आपला वाटा घेतला. पुढं पाय सडून, तापानं फणफणून गेले, तर म्हणाले, देवीनं बोलावलं.

आता मालकांच्या उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या बुडाशी, एक जखम होती. सुपारी मावेल एवढं भोक. वरून खपली धरल्यासारखी व्हायची, पुन्हा फुटायची. पाणी यायचं, पू यायचा, वास यायचा. दोन जत्रा उलटल्या तरी ती भरली नव्हती. आणि दुखत मात्र नव्हती, ना चालताना, ना धुताना. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, तिला जखम म्हणूच द्यायच्या नाहीत. 'देवीची जागा' म्हणायच्या. चरातली राख त्यांनी गाडग्यात भरून ठेवली होती. रोज सकाळी आंघोळ झाली की लेकाचा पाय मांडीवर घेऊन ती राख त्या भोकात दाबून भरायच्या. जत्रेला परगावची माणसं यायची, ती त्या पायावर डोकं टेकायची.

तर असा हा पाय, आणि त्यापुढं उकिडवे बसलेले लोंढेसाहेब. सरकारी माणूस, सायकलवरून गावोगाव हिंडून अंगावरचे चट्टे बघायचा.

"ही देवीची जागा नाही," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, समजुतीनं म्हणाले. "हा जंतूचा रोग आहे. जंतू नसांत शिरतो आणि नसा मारतो. नस मेली की कळणं मेलं. मग काटा मोडू दे, चपलेचा खिळा रुतू दे, पाय भाजू दे, माणसाला पत्ताच नाही. दुखत असतं तर तुम्ही लंगडला असता, पाय टेकला नसता, जखमेला भरून यायला सवड मिळाली असती. तुम्ही दिवसभर तिच्यावर उभे राहता. वर आत राख कोंबता. घाण आत जाते, पू होतो, तो खाली खाली उतरतो. एक दिवस हाडाला लागेल."

"मंजी दुखत न्हाई ह्येच दुखनं म्हना की," मालक हसले.

"तेच. दुखणं म्हणजे दारातलं कुत्रं, सर्जेराव. भुंकतं म्हणून आपण त्याला दगड मारतो. पण ते मेलं की चोराला घर मोकळं."

"रोगाचं नाव काय?" मी दारातूनच विचारलं.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "कुष्ठरोग, वहिनी. पण औषध आहे. गोळ्या नेमानं घेतल्या की जंतू मरतो."

आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्या फुंकणी हातात घेऊनच बाहेर आल्या. "महारोग म्हंतोस? माझ्या लेकाला? ज्याच्या पायावर मुलूख डोकं ठेवतो त्याला? जीभ झडंल रं तुजी, मुडद्या!"

"आजी, शिव्या द्या, पण ऐका," साहेब म्हणाले. "हा रोग रक्तातून येत नाही, शापानंही येत नाही. एका छपराखाली वर्षानुवर्षं राहिलं की एकाच्या श्वासातून दुसऱ्याला जाऊ शकतो, इतकंच. म्हणून मला घरातल्या सगळ्यांना तपासू द्या. तुम्हाला, वहिनींना..."

"आमच्या सुनंला परका बाप्या हात लावनार? हौसे, हो आत!"

मी आत झाले. आमची एकुलती पोर सुलभा तेव्हा शाळेसाठी माझ्या माहेरी होती, बरंच झालं. साहेब मात्र जाता जाता परसदारानं आले. माझ्या हातात गोळ्यांचं पाकीट दिलं आणि म्हणाले, "वहिनी, दर गुरुवारी आरोग्य केंद्रात नर्सबाई असतात, त्यांच्याकडून तपासून घ्या. आणि यांचा पाय रोज कोमट पाण्यात भिजवायचा, मग गोडं तेल लावायचं, स्वच्छ फडकं बांधायचं. राख बंद. चालणं जेवढं कमी तेवढं बरं. आणि एक ध्यानात ठेवा. पाणी आधी तुम्ही हात घालून बघा. त्यांना कळायचं नाही, तुम्हाला कळेल."

"बघते," मी म्हटलं.

"आणि इंगळावरून चालले तर पाय गेला असं समजा."

गोळ्या मालक निमूट घ्यायचे. मी भाकरीबरोबर द्यायची, ते गिळायचे. पण जत्रेचं नाव काढलं की दगड. "हौसा, गोळी म्हनशील तितकी खातो. पाऊल सोडायचं म्हनू नगंस. माझा बा गेला, तवा त्याच्या डोक्यापाशी बसून सबूद दिलाय."

"बा कशानं गेला ते बघितलंत ना?"

"देवीनं नेला."

"पाय सडून गेला, अहो! वास येत होता घरभर. मी नवी नवरी होते, पदर नाकाला लावला म्हणून आत्याबाईंनी मला उपाशी ठेवली होती."

ते उठून शेताकडं जायचे. मी रडायची, भांडायची, एकदा तर जेवले नाही. काही उपयोग नाही. पालथ्या घड्यावर पाणी. गुरुवार येत होते नि जात होते, मला माझ्या तपासणीची आठवणही नव्हती. मला काय झालं होतं? मी धडधाकट होते. उलट आत्याबाई चारचौघींत माझं कौतुकच करायच्या, "आमच्या हौसाला चिमटा लागत न्हाई न् उलथनं लागत न्हाई. इंगळावरची भाकरी नुसत्या हातानं उचलती. आमच्या घरात आली न् आमचीच झाली." करंगळीला कधीमधी भाजल्याचा फोड दिसायचा, कधी भाजलं ते आठवायचं नाही. चुलीपुढच्या बाईला भाजण्याचं काय नवल?

जत्रा तोंडावर आली. दुपारच्याला चुलतदीर आनंदा आला. पोरगा बेताचा, पण देवीचं वेड मालकांपेक्षा जास्त. हलगीवाले कुठले आणायचे यावर दोघांचं चाललं होतं. मालक घोंगडीवर, पाय माझ्या मांडीवर, मी फडकं सोडून जखम पुसत होते. शेजारी माझी अर्धी शिवलेली गोधडी पडलेली, तिच्यात दाभण खोवलेला.

कसं सुचलं देव जाणे. मी दाभण उपसला आणि मालकांच्या तळपायात खुपसला. बारकीशी टोच नव्हे हं. चांगला बोटाच्या पेरभर आत घातला.

मालक बोलतच होते. "गेल्या साली त्यानं हलगी काय घुमवली, आनंदा! अंगावर काटा आला. त्यालाच सांगावा धाड."

आनंदाचं तोंड उघडं ते उघडंच. "वयनी," तो कसाबसा म्हणाला, "वयनी, काय करताय!"

मालकांनी मान वळवली. दाभण पायात उभा होता, बाजूनं रक्ताची धार लागली होती. ते बघतच राहिले. मी म्हटलं, "तुमच्या देवीनं सांगितलं का तुम्हाला, की बायको पायात दाभण घालतेय म्हणून?"

मी दाभण उपसला. माझ्या बोटाला रक्त लागलं होतं, त्यांचंच असेल म्हणून पदराला पुसलं. पुसलं तर पुन्हा आलं. त्या गडबडीत कोण बघतंय?

आनंदा उठून गेला. मालक मात्र तो दाभण हातात घेऊन दिवस मावळेपर्यंत तसेच बसले. मग म्हणाले, "माझ्या बालाबी असंच आसंल?"

"असेल."

"मंजी देवी न्हवतीच त्यात?"

एवढा मोठा गडी, पण लहान लेकरासारखं विचारलं हो त्यांनी. माझ्या काळजाचं पाणी झालं. म्हटलं, "देवी असेल. पण पायात नसेल."

जत्रेच्या सकाळी ते चप्पल घालून देवळापुढं गेले. जत्रेच्या दिवशी आमच्या घरचा गडी चप्पल घालतो हेच लोकांना कळेना. सगळ्यांच्या देखत त्यांनी आनंदाच्या हातात नारळ दिला. "औंदापास्नं पयलं पाऊल ह्येचं," म्हणाले, आणि माघारी फिरले. मागून कुणीतरी म्हणालंच, "सर्जा भ्याला." दुसरं म्हणालं, "भ्याला न्हाई, बाटलाय. सरकारी मानूस येत व्हता न्हवं घरी?" मालकांनी मान वर केली नाही.

आत्याबाईंनी आकांत मांडला नाही, त्याचीच मला भीती वाटली. जत्रेला निघताना त्या उंबऱ्यात थांबल्या, लेकाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. "माझं कुकू पुसलं त्या दिशी मी येवडी रडले न्हाई गं," म्हणाल्या. "तू माझ्या घरातनं देवी भायेर काढलीस." आणि गेल्या.

घरात दोघंच उरलो. उन्हं कलली, देवळाकडून हलगी सुरू झाली. मालक भिंतीकडं तोंड करून बसले. हलगीच्या ठेक्यावर त्यांचा अंगठा आपोआप हलत होता. मला भरून आलं, पण खरं सांगू? आनंदही झाला होता. माझ्या माणसाचा पाय मी वाचवला होता. आता तो पाय इंगळात पडणार नव्हता, आज नाही आणि कधीच नाही. मला कुणाची पर्वा नव्हती.

मी चुलीवर पाणी ठेवलं. म्हटलं, आज मन लावून धुऊ या; एरवी आत्याबाईंच्या धाकानं ओल्या फडक्यानं पुसण्यावरच भागायचं. घमेलं आणलं, त्यात पाणी ओतलं, साहेबांनी सांगितलं होतं तसा मनगटापर्यंत हात घालून बघितला. कोमट लागलं. दुसरा हातही घातला. कोमटच. मग मालकांचा पाय उचलून आत ठेवला.

"बरं वाटतंय का?" मी विचारलं.

"मला काय कळतंय? तुला बरं वाटतंय तर मलाबी वाटतंय." ते ओढूनताणून हसले. "हौसा, आनंदा पळंल गं. मदी थांबायचा न्हाई त्यो. हात जोडायचा न्हाई देवीला."

"पळू दे. त्याचे पाय राहतील."

"बाचं तोंड दिसतंय मला."

मी पाण्यात हात घालून त्यांचा पाय चोळत होते. टाच, घोटा, बोटांच्या बेचक्या. जखमेतली जुनी राख सुटून पाणी काळं होत होतं, तसं मी चुलीवरचं आणखी ओतत होते. ते सासऱ्यांच्या गोष्टी सांगत होते, मी हूं हूं करत होते. लांब हलगी चढली, लोकांचा एकच गलका उठला. आनंदानं चर ओलांडला असणार. मालकांनी डोळे मिटले, त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. मी त्यांचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं इतकं जवळ कधी बसलो नव्हतो.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. केसांत भंडारा, हातात चरातली गरम राख पळसाच्या पानावर. त्या आल्या त्या तरातरा, माझ्याशी बोलायचं नाही म्हणून तोंड फिरवून. "सर, बाजूला सर. येवडा अंगारा तरी लावू दे माझ्या लेकाला." आणि त्याचा पाय उचलायला त्यांनी घमेल्यात हात घातला.

अशी किंकाळी मी पुन्हा ऐकली नाही.

"आगं आई गं! मेले! उकळतंय की गं पानी!"

राख उडाली. आत्याबाई हात झाडत मागं कोसळल्या. मी माझ्या हातांकडं बघितलं. अजून पाण्यातच होते. बाहेर काढले, तर मनगटापर्यंत लाल, आणि बोटांवरची कातडी पांढरी होऊन सुटलेली, ओल्या कागदासारखी. मालकांचा पाय वर घेतला, तर टाचेची साल माझ्या हातात आली. पाण्यातून वाफ निघत होती, बाई. इतका वेळ निघत होती. आम्हा दोघांना ती दिसली नाही. तिकडं बघायचं कुणाला सुचलं असतं? माझे हात सांगत होते ना, कोमट आहे म्हणून.

"हौसा," मालक हळूच म्हणाले, "तुलाबी?"

मी बोटं उलटसुलट करून बघितली. फोड आठवले, दाभण आठवला, पदराला पुसलेलं रक्त आठवलं. ते माझंच होतं.

आत्याबाई फुंकर घालत होत्या हातावर. माझे हात त्यांनी बघितले आणि फुंकर थांबली. हळूहळू त्यांचं तोंड बदललं. त्यांनी केसांतला भंडारा काढला आणि माझ्या कपाळाकडं हात आणला. "आई जानाई," पुटपुटल्या, "सुनंलाबी पावलीस? लेकानं सोडलं तर सुनंला धरलंस?"

मी त्यांचा हात बोटांना धरून थांबवला. माझ्या धरण्यानं त्या कळवळल्या, भाजलं होतं ना तिथं. म्हटलं, "आत्याबाई, दुखलं ना तुम्हाला? पाण्यात बोटं बुडाली तशी ओरडलात. देवी या घरात कुणाला पावली असेल तर ती तुम्हाला पावली."

त्यांनी आपल्या लाल झालेल्या बोटांकडं बघितलं, आणि माझ्यादेखत पहिल्यांदा रडल्या. लेकासाठी रडल्या, की माझ्यासाठी, की त्या गेलेल्या म्हाताऱ्यासाठी, कोण जाणे.

मालकांचा पाय राहिला नाही. भाजलं ते जखमेशी जाऊन मिळालं, पू हाडात उतरला, जिल्ह्याच्या दवाखान्यात घोट्यावरून काढावा लागला. इंगळातून वाचवलेला पाय माझ्या हातून पाण्यात गेला. मालकांनी एका शब्दानं मला बोल लावला नाही. लाकडी पायावर कितीतरी वर्षं जगले आणि जत्रेच्या दिवशी देवळात मागं बसून हात जोडायचे. नर्सबाईंनी मला तपासलं, गोळ्या दिल्या, मी नेमानं घेतल्या. रोग गेला. सुलभाला काही निघालं नाही. माझी बोटं राहिली, थोडी वाकडी झाली, पण राहिली. कळणं तेवढं परत आलं नाही. राखेचं गाडगं आत्याबाईंनी स्वतः नेऊन ओढ्यात टाकलं, मला न सांगता.

लोंढेसाहेबांनी शिकवलं होतं, आता पाणी कोपरानं बघत जा, वहिनी, कोपराला कळतं. बघते मी. पण माझा विश्वास बसत नाही. सुलभाची पोर सुट्टीला येते, तेव्हा मी आंघोळीचं पाणी काढते आणि तिला हाक मारते, "ये गं, जरा बोट घालून बघ." ती येते, बोट बुडवते आणि झटकन काढून घेते. "आई गं! आजी, चटका बसला की!"

ती बोट तोंडात घालून माझ्यावर रागावते. मी मात्र तिथल्या तिथं जानाईला हात जोडते.